वासावर जाऊ नका

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून तो फुकट वाहत असतो. तरीही मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी घाटात रांग लावून, तुंगार्लीच्या नाहीतर पवनेकाठच्या बंगल्याचं भाडं भरून, टबातल्या गरम पाण्यात बसायला येतात. बाहेर धो धो पाऊस, कठड्यावर कांदाभजीची प्लेट आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. सुख म्हणतात ते हेच असावं, माझी त्याला मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती पंधरा मिनिटांनी, बंगला सांभाळणाऱ्या मामांशी होणाऱ्या संवादाला.

"मामा, क्लोरीन फार टाकलाय का हो? वास केवढा येतोय! डोळे चुरचुरतायत."

"नाय साहेब, कमी पडलाय."

साहेबांना वाटतं, मामा चेष्टा करतायत. मामा चेष्टा करत नसतात.

क्लोरीनचं गणित पंगतीतल्या वाढप्यांसारखं आहे. भांडं घेऊन मोकळा उभा असेल तोच वाढपी कामाचा. कुणाच्या आग्रहात अडकला की तो पंगतीत दिसतो खरा, पण पुढच्या पानावर भात काही पडत नाही. पाण्यातला मोकळा क्लोरीन जंतू मारतो आणि त्याला फारसा वासही नसतो. घाम, अंगाचं तेल आणि लहान मुलांच्या (आपण मुलांच्याच म्हणू) लघवीशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. वास त्याचा, डोळ्यांची चुरचुरही त्याचीच. म्हणजे वास आला की समजावं, वाढपी अडकलेत, नवे पाठवा. आणि आपण नेमकं उलट सांगतो.

मामांना हे कुठून ठाऊक? माझ्या माहितीतले एक मामा बंगल्यावर यायच्या आधी गावच्या पाण्याच्या टाकीवर होते. मावळातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, टीसीएलची (म्हणजे ब्लीचिंग) पावडर आणि ओटी टेस्ट ही दोन नावं शाळकरी पोराच्याही तोंडी असतात. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, अर्धा तास थांबायचं, मग नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब सोडायचे. पिवळा रंग आला की जीव भांड्यात. त्यातही मामांचं लक्ष असतं ते पहिल्या दहा सेकंदांवर. लगेच उमटतो तो पिवळा मोकळ्या क्लोरीनचा. मागाहून सावकाश गडद होत जातो तो अडकलेल्याचा. शिवाय मावळच्या पावसात पावडरची पिशवी उघडी राहिली की सादळते आणि दम सोडते. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर गावात चालत नाही. गावाचं पाणी बिघडलं तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं. बंगल्याला कार्ड कोण देणार? त्याला मिळतात ते तारे, आणि ते बहुधा नाश्त्यावरून.

पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला तरी पुरतो. गरम टबाला निदान ३ लागतो. कारण उघड आहे. दीड हजार लिटरच्या टबात सहा जण बसले की माणशी अडीचशे लिटर पाणी आलं. त्यात ४० अंशांची ऊब, म्हणजे घाम जास्त, आणि क्लोरीनही भराभर उडणार. वर बुडबुड्यांची मौज! बुडबुडे सुटले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. ८ वर गेला की क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा मारक्या रूपात उरतो. क्लोरीन आहे, पण कामावर नाही, असा हा प्रकार सरकारी कचेरीत जाऊन आलेल्यांना वेगळा समजावायला नको.

स्यूडोमोनास नावाच्या जंतूला असला कोमट, ढिला टब फार मानवतो. दोन दिवसांनी अंगावर लाल पुटकुळ्या उठतात, त्याही पोहण्याच्या कपड्याखाली जास्त. तोवर पाहुणे ठाण्याला पोचलेले असतात आणि दोष जातो लोणावळ्याच्या डासांना.

गंमत अशी की बुडबुड्यांच्या या टबाचं मूळ शेतीच्या पंपात आहे. कॅलिफोर्नियातले जकुझी बंधू विहिरीवरचे पंप बनवायचे. घरातल्या एका लहानग्याला संधिवात होता, म्हणून त्यांनी पाण्याचा मारा करणारा पंप अंघोळीच्या टबात बसवला. सगळा टबच तयार विकायला लागले ते १९६८ पासून. पोराच्या दुखण्यावरचा इलाज आपल्याकडे वीकेंडच्या पॅकेजात आला.

पाणी सांभाळणं मावळाला नवं नाही. भाजे लेण्यात एका महारथीने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्या पोढीत उतरून कुणी भजी खाल्ली नसावीत.

बंगला स्वतःचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गावची टीसीएल पावडर टबात नको, हीटरवर चुना बसतो. आणि ती पावडर पूलच्या क्लोरीनच्या गोळ्यांबरोबर एका डब्यात कधीच ठेवू नका; दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर भडका उडू शकतो, विषारी वायू सुटतो. बंगला भाड्याचा असेल तर टबात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा, आणि वास आला तर मामांना "क्लोरीन कमी करा" म्हणू नका. "टेस्ट करून दाखवा" म्हणा.