माथेरान, जुलै महिना

माझ्या प्रवासाचा मुहूर्त पंचांगात नसतो, सवलतीच्या जाहिरातीत असतो. ‘पावसाळी ऑफर’ हे शब्द दिसले की मला निसर्गाची ओढ लागते. त्यामुळे आम्ही महाबळेश्वर भर श्रावणात पाहिलंय आणि नागपूर ऐन मे महिन्यात. यंदा माथेरान.

‘‘अहो, तिथे पाऊस असेल,’’ हिने सांगून पाहिलं.

‘‘म्हणून तर अर्ध्या पैशांत मिळतंय.’’

नेरळहून डोंगर चढणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. ही 1907 सालची, आदमजी पीरभॉयांच्या घराण्याने बांधलेली. 2005च्या जुलैत पावसाने तिचे रूळ वाहून नेले होते, तेव्हा तिच्या रजेबद्दल तक्रार करणं बरं नव्हे. टॅक्सीने दस्तुरी नाका गाठला. पुढे मोटारींना बंदी. अमन लॉजहून गावात जाणारी शटल पावसातही चालते; आम्ही पोचलो तेव्हा ती नुकतीच सुटली होती. मग तांबड्या चिखलातून पायी.

पॅनोरमा, एको, लुईझा असे सगळे पॉइंट पाहिले. धुकं सगळीकडे एकच होतं, पाट्या तेवढ्या वेगळ्या होत्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर 1850च्या मे महिन्यात चढला. जुलैत चढला असता तर त्याला काही दिसलं नसतं, आणि माथेरान गावही वसलं नसतं.

आता पँटींविषयी. मी जीन्स नेल्या होत्या. पहिली दस्तुरीच्या रस्त्यावर गेली. इथली माती जांभ्याची, तिचा रंग कापडाला एकदा लागला की लागला. दुसरी शार्लोट लेकच्या उतारावर, माझ्यासकट. तिसरी कपाटात घडी घालून सुखरूप होती, पण ते कपाट बरोबर गळक्या कौलाखाली होतं. वीज सकाळीच गेलेली, त्यामुळे पंखा आणि इस्त्री दोन्ही शोभेचे. हिने आपले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणले होते. त्या पिशव्यांकडे ती अधूनमधून नुसती बघायची, बोलायची काही नाही. तीस वर्षांच्या संसारात शब्दांची गरज उरत नाही.

अखेर मी हॉटेलची चादर धोतरासारखी नेसलो आणि व्हरांड्यात जाऊन बसलो. कठड्यावर एक भिजलेलं माकड होतं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. निथळत चार पोरं आत आली.

‘‘काका, रूम आहे का?’’

चादर, बनियन आणि खांद्यावर पंचा, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला हॉटेलचा माणूस ठरवलं होतं. खुलासा करायचा तर पँटीची सगळी कथा सांगावी लागली असती. ‘‘आहे,’’ मी म्हणालो.

‘‘कमी करा ना काही.’’

‘‘पन्नास टक्के कमीच आहे.’’

‘‘काका, गावात कुत्रं नाही. साठ करा.’’

घासाघीस समोरून आली की माझा जीव पाघळतो. आयुष्यभर मी त्याच बाजूला उभा आहे. ‘‘करा साठ,’’ मी म्हणून गेलो. आतून केअरटेकर मामा आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने किल्ली दिली. त्या पोरांना माझ्याच तोंडून माझ्यापेक्षा स्वस्त खोली मिळाली, याचा संताप मला रात्री जेवण झाल्यावर आला.

मामांनी मात्र शब्दाने काही म्हटलं नाही. ‘‘साहेब, पँट द्या इकडं,’’ म्हणत मला मागच्या खोलीत नेलं. तिथे निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घातलं होतं आणि त्यावर बाळाची दुपटी, टोपडी, लंगोट पसरले होते. नात तीन महिन्यांची, मामींच्या मांडीवर झोपलेली. मामींनी एका हाताने चार लंगोट उचलले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर माझी जीन्स अंथरली. त्या एवढ्याशा कपड्यांच्या शेजारी ती फारच उद्धट दिसत होती.

‘‘राहू द्या, बाळाचं आधी वाळू दे,’’ मी म्हणालो.

‘‘तिचं रोजचंच हाय. तुम्ही पाव्हणे, चादरीत किती फिरनार?’’

मग तिथेच बसलो. दूध घातलेला गवती चहा आला. मे आणि दिवाळीत कमवायचं आणि पावसाळाभर ते पुरवायचं, असा इथला हिशोब मामा सांगत होते. माझी सूट त्याच हिशोबातून वजा होत होती. निघताना मी पोरांच्या खोलीचा फरक देऊ केला. मामांनी तो घेतला नाही. मामींनी घेतला आणि नातीच्या दुपट्याखाली सारला. घरात व्यवहार कोणाला कळतो, हे मी आमच्याही घरी पाहिलेलं आहे.

माझं मत विचाराल तर माथेरानला पावसाळ्यातच जावं. मे महिन्यात सगळे पॉइंट लख्ख दिसतात, पण तिथल्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड नसते. जुलैत पॉइंट दिसत नाहीत, माणसं दिसतात. फक्त जीन्स नेऊ नका. ती चार महिने वाळत नाही.