बंदूक डावीकडं मारती

प्रस्तुत लेखकाची बंदूक डावीकडे मारते. हे लेखकाचे म्हणणे आहे. बंदुकीची बाजू अजून कोणी ऐकून घेतलेली नाही. दर रविवारी सकाळी 10 मीटरवरच्या कागदाला 60 छर्रे मारून झाले, की तो टार्गेटांचा गठ्ठा काखेत मारून रेंजसमोरच्या चहाच्या टपरीवर येतो आणि खिन्न चेहऱ्याने जाहीर करतो, "आज पण डावीकडेच." मग तिथे जमलेले तिघे आपापली मते देतात. त्या मतांत "तुझा हात हलतो" हे मत कधीच नसते, कारण थोड्या वेळाने प्रत्येकाला आपापलीही टार्गेटे दाखवायची असतात.

या समितीत एक निवृत्त शाखाधिकारी आहेत. 15 हजारांच्या वरची एअरगन त्यांच्या लेखी बुडीत कर्जात जमा. दुसरे दातांचे डॉक्टर. ते पिस्तूलवाले, म्हणजे एका हाताने मारणारे, त्यामुळे दोन हात वापरणाऱ्या रायफलवाल्यांकडे ते कवळी लावणाऱ्याकडे बघावे तसे बघतात. तिसरा आयटीतला तरुण. त्याच्या लॅपटॉपवर 22 बंदुकांचा तक्ता आहे: किंमत, वजन, ट्रिगर, छर्ऱ्याचा वेग, जुन्या बाजारातला भाव. तो स्वतः मात्र रेंजची भाड्याची बंदूक वापरतो. स्वतःची घ्यायची आहे. तीन वर्षे झाली, घ्यायचीच आहे.

परवडणारी बंदूक म्हणजे नेमकी कोणती, यावर टपरीवर जितका चहा सांडला तितका खुद्द चहावाल्यानेही सांडला नसेल. 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतला जोर असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. दुकानात ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा, बंदूक घेऊन घरी यायचे. देशी स्प्रिंगची रायफल काही हजारांत येते. सामन्यांसाठीची जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल मात्र लाखांत बोलते. आणि पॉइंट टू टूची खरी, दारूगोळ्याची बंदूक म्हटली की 1959 चा शस्त्र कायदा, अर्ज, पोलीस ठाणे आणि शेजाऱ्यांचे जबाब. लेखकाच्या शेजाऱ्यांचे लेखकाविषयीचे मत पाहता तो विषय तिथेच मिटला.

तेव्हा स्प्रिंगची रायफल. तिच्यात एक जाड स्प्रिंग असते. नळी मोडून ती दाबायची, ट्रिगर ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि हवा छर्ऱ्याला हाकलते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत बंदूक एकदा मागे आणि एकदा पुढे असे दोन धक्के खाऊन घेते. म्हणून ती घट्ट आवळून धरायची नसते. झोपलेले मूल मांडीवर घ्यावे तशी नुसती टेकवायची, तिला काय हलायचे ते हलू द्यायचे. लेखकाने पहिले सहा महिने ती लोकलच्या दांडीसारखी धरली. उलट पीसीपी रायफलीत दाबलेली हवा आधीच नळकांड्यात भरलेली असते, धक्का जवळजवळ नाही. "म्हणजे चुकलं की आपलंच चुकलं," असे शाखाधिकारी म्हणतात, आणि स्प्रिंगच्या बाजूने यापेक्षा जोरदार मुद्दा लेखकाने आजवर ऐकलेला नाही.

शाखाधिकाऱ्यांची स्वतःची रायफल आयएचपीची, जुनी. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढलेली सिमेंटचे पाइप बनवणारी कंपनी. नळ करणाऱ्यांनी नळीही करून पाहिली, एवढाच काय तो फरक. "पाणी गळत नाही तर हवा कशी गळेल?" हा शाखाधिकाऱ्यांचा युक्तिवाद. तरुणाच्या तक्त्यात या बंदुकीला रकाना नाही, आणि तो अपमान शाखाधिकारी दर रविवारी नव्याने करून घेतात.

वेगावरूनही जुंपते. दुकानदार हजार फूट वेग सांगून बंदुका विकतात. सामन्याच्या रायफली मात्र छर्ऱ्याला सेकंदाला पावणेसहाशे फुटांच्या आसपास ठेवतात. कागदाला भोक पाडायला तेवढे पुष्कळ होते. भोक कुठे पडते हा प्रश्न. 10 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. नेम बरोबर लागला की पुरावाच नष्ट होतो. लेखकाच्या टार्गेटांवरचे दहाचे ठिपके वर्षानुवर्षे शाबूत आहेत.

मध्यंतरी लेखकाने जाकीट घेतले. कॅनव्हास आणि चामड्याचे ते जाकीट पाठीला आधार देते आणि छातीची धडधड बंदुकीपर्यंत पोचू देत नाही. त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नवे परवडेना, म्हणून रेंजवरच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला अपुरे होऊ लागलेले घेतले. ते पोटावर बंद होत नाही. नियमात जाकिटाच्या जाडीचा उल्लेख आहे, माणसाच्या नाही, असे म्हणून लेखक ते उघडेच घालतो. शिवाय सपाट तळाचे बूट, ज्यांत माणूस बदकासारखा चालतो. त्या वेषात टपरीवर जायचा मोह लेखकाला आवरत नसे. एकदा एका म्हातारबांनी "स्कूटर कुठं पडली?" असे काळजीने विचारले, तेव्हा आवरला.

पुढे जुलै 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला तुर्कस्तानचा 51 वर्षांचा युसुफ दिकेच साधा टी-शर्ट आणि रोजचा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून उभा राहिला आणि एअर पिस्तुलाच्या मिश्र दुहेरीचे रौप्य घेऊन गेला. साऱ्या जगाने तो फोटो पाहिला. लेखकाने तो जरा जास्तच पाहिला. वय जवळपास तेच, चष्मा तसाच, पोटही ओळखीचे. पुढच्या रविवारी तो जाकीट घरी ठेवून, एक हात खिशात घालून रेंजवर गेला. रायफलला दोन हात लागतात हे तिथे पोचल्यावर लक्षात आले. दिकेच 2008 पासून प्रत्येक ऑलिंपिकला जातो आहे, ही माहिती डॉक्टरांनी पुरवली, ती न मागता.

इथे थोडे विषयांतर. थोडे म्हणजे लेखक म्हणतो म्हणून थोडे. फुग्यांचा विषय निघाला की घरचे लोक उठून पाणी प्यायला जातात.

लेखकाचा नेमबाजीचा पाया जत्रेत घातला गेला. लाकडी फळीवर रांगेने बांधलेले फुगे, वरच्या रांगेत टाचणीला लटकवलेली खडूची कांडी, एखाद्या कोपऱ्यात मेणबत्ती. खडू हा श्रीमंतांचा खेळ. फुगा फोडणारे पुष्कळ, खडू उडवणारा लाखात एक. लहानपणी लेखकाने एकदा खडू उडवला होता. नेम शेजारच्या लाल फुग्यावर होता, पण ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या दिवशी वडिलांनी खांद्यावर हात ठेवला आणि स्टॉलवाल्याला उगाचच म्हणाले, "आमचा मुलगा." पन्नाशीला टेकलेला माणूस दर रविवारी पहाटे उठून छर्रे का मारतो, याचे कारण बहुधा त्या दोन शब्दांत असावे. पण समितीसमोर असली कारणे चालत नाहीत, तिथे ट्रिगरचे वजन सांगावे लागते.

तर नवरात्रात लेखक चतुःशृंगीच्या जत्रेला गेला. बरोबर बायको, भाचा आणि तीन वर्षांचा रेंजवरचा अनुभव. फुग्यांचा स्टॉल दिसताच त्याने बाह्या सरसावल्या, पाय खांद्याइतके फाकवले, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवले, श्वास अर्धा सोडून रोखला. भाचा म्हणाला, "मामा, मागे रांग लागलीय." 10 छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, तोही शेजारच्या माणसाने मारलेला असावा.

"बंदूक डावीकडे मारते तुमची," लेखकाने तोंडपाठ असलेले वाक्य म्हटले.

स्टॉलवाली बाई हसली. तिच्या कमरेवर दीड-दोन वर्षांचे पोर होते, झोपेला आलेले. तिने पोर तसेच ठेवले, नळी गुडघ्यावर मोडली, ओठांत धरलेला छर्रा भरला आणि बंदूक उजव्या हातात नुसती टेकवून धरल्यासारखी धरली. ठो. पिवळा फुगा गेला. पुन्हा भरली. ठो. त्याच्या शेजारचा. तिसऱ्यांदा खडू गेला. पोर दचकलेसुद्धा नाही. त्याच्या दृष्टीने तो रोजचाच आवाज.

"मारती की डावीकडं," ती म्हणाली. "मालकानं वाकवूनच आणलीया. मग आपण उजवीकडं धरायची. दिवसाला चारपाचशे बार भरते मी, साहेब, मला म्हाईत नसंल व्हय?"

मालक वेगळा होता, म्हणजे बंदूकही तिची नव्हती. खुर्ची नव्हती, जाकीट नव्हते. उघड्या हाताने शिसे हाताळणे, ओठांत धरणे बरे नाही, एवढे लेखकाला माहीत होते. रेंजवर छर्रे भरल्यावर हात धुवायची सूचना लावलेली आहे. तसे तो बोललाही. "बरं," असे म्हणून तिने पुढच्या गिऱ्हाइकासाठी नळी मोडली. तिच्या मागे पाण्याची एक बाटली होती, ती पोराची. लेखकाने आणखी 10 छर्ऱ्यांचे पैसे दिले आणि न मारताच निघाला. त्यात उदारपणा किती आणि आणखी फजितीची भीती किती, हा हिशेब त्याने केला नाही. बायकोने केला.

टपरीवर हा किस्सा सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "बंदूक कोणती होती तिची?"

लेखक चिडला, आणि चिडण्याचा त्याला काडीइतका अधिकार नव्हता. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 50 मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर मागे पडला, पोटावर सावरला, उभ्याने वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेऊन आला. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिक्षकाचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासणारा. त्या दुपारी टपरीवर पेढे वाटले गेले, आणि पेढा तोंडात असतानाच कोणीतरी विचारले होते, "रायफल कोणती आहे हो त्याची?" ते कोणीतरी म्हणजे प्रस्तुत लेखक. तेजस्विनी सावंतने 2010 ला म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 600 पैकी 597 करून सुवर्ण घेतले, त्यावरही याच समितीत एक रविवार गेला आहे: उरलेले 3 गुण छर्ऱ्यामुळे गेले की वाऱ्यामुळे. ती बंदूक पॉइंट टू टूची, तिच्यात छर्रा नसतोच, हे अर्धा तास कोणाच्याच लक्षात आले नाही.

पुढच्या रविवारी लेखकाने जाकीट गाडीतच ठेवले. बंदूक टेकवली, आवळली नाही. पहिले 10 छर्रे नेहमीप्रमाणे डावीकडे. मग स्टॉलवालीचे ऐकून त्याने नेम थोडा उजवीकडे धरला. आणि तेवढ्यावर न थांबता, अंगातली विद्या गप्प बसू देईना म्हणून, मागच्या साइटचा स्क्रूही चार क्लिक उजवीकडे फिरवला.

"आज उजवीकडे," त्याने टपरीवर जाहीर केले.

क्षणभर सगळे गप्प झाले. मग शाखाधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली, डॉक्टरांनी चष्मा पुसला, आणि आयटीतल्या तरुणाने लॅपटॉप उघडून तक्त्यात एक नवा रकाना घातला.