तीस हजारांचे मानकरी

फ्लॅट बुक करणाऱ्या माणसाला ज्योतिष यायला हवं, असं प्राप्तिकर कायद्याचं ठाम मत आहे. इमारत कधी पुरी होणार हे ब्रोशरला माहीत नसतं, साइटवरच्या सुपरवायझरला माहीत नसतं, आणि बिल्डरला विचारलं तर तो दसऱ्याचं नाव सांगतो, पण कुठल्या सालचा ते सांगत नाही. कल्याणपलीकडे टू बीएचकेसाठी 50 लाखांचं कर्ज काढणाऱ्या नोकरदाराला मात्र ते अचूक माहीत असावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अंदाज चुकला तर दंड त्यालाच.

दंडाची रीत अशी. जुन्या करप्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. हा आकडा 2014 पासून जागचा हललेला नाही. सोबत एक अट आहे: ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर बांधून पुरं झालं पाहिजे. नाही झालं, तर 2 लाखांचे 30,000 होतात. बरं, उशीर झाला त्या वर्षापुरते नाहीत; त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत.

आता हे 30,000 आले कुठून?

कायद्यात या रकमेचे मानकरी ठरलेले आहेत. पहिले, 1 एप्रिल 1999 च्या आधी कर्ज घेतलेले लोक. दुसरे, घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी कर्ज काढलेले. आणि तिसरा आपला हा बुकिंगवाला. म्हणजे 2018 साली कर्ज काढलेल्या माणसाला बिल्डरने वेळेत ताबा दिला नाही, की करापुरता तो थेट मागच्या शतकात जाऊन पडतो. किंवा असं समजलं जातं, की त्याने घर विकत घेतलेलंच नाही, असलेल्या घराला रंग काढला आणि न्हाणीघराच्या फरशा बदलल्या. ज्याच्या घराला अजून भिंती नाहीत, त्याला भिंतींच्या डागडुजीची सवलत! रिटर्न भरताना सीए हे त्याला शांतपणे समजावून सांगतो. तो विचारतो, ‘‘पण उशीर बिल्डरने केला ना?’’ सीए म्हणतो, ‘‘हो.’’ तो विचारतो, ‘‘मग बिल्डरची कुठली वजावट गेली?’’ सीए चहा मागवतो. कारण या तरतुदीत बिल्डर नावाचं पात्रच नाही. घर आपोआप उगवतं, आणि वेळेत उगवलं नाही तर पाणी घालण्यात कर्जदाराने कुचराई केली, असं धरलं जातं.

हिशेब करायचा तर सोपा आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या 50 लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याज 4 लाख 21 हजारांच्या घरात जातं. त्यातल्या 2 लाखांना वजावट, म्हणजे निम्म्याहून कमी रकमेला. ती 30,000 वर आली, की 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराला उपकरासह वर्षाला 53,040 रुपये जास्त कर बसतो. ताबा लांबला म्हणून भाडं चालू, कर्ज आहे म्हणून हप्ता चालू, आणि आता हे. जीएसटी आणि मुद्रांक शुल्क तर स्लॅब पडायच्या आधीपासूनच चालू झालेलं असतं. ते घेताना इमारत पुरी होण्याची वाट कुणी पाहत नाही.

ताब्याआधी भरलेल्या व्याजाचीही सोय आहे बरं का. बांधकाम पुरं होण्याच्या आदल्या मार्चपर्यंतचं सगळं व्याज जमा करून ठेवायचं आणि पुढे पाच समान भागांत मागायचं. किती विचार केलाय माणसाचा! पण हे पाच भागही त्याच 2 लाखांत बसवायचे, आणि उशीर झाला असेल तर त्याच 30,000 मध्ये. 30,000 तर चालू वर्षाच्या व्याजानेच पहिल्या महिन्यात संपतात. उरलेल्या व्याजाची फाइल मात्र जपून ठेवावी लागते.

तीच इमारत, तोच मजला, शेजारचा फ्लॅट. तो एका गुंतवणूकदाराने भाड्याने द्यायला घेतलाय. त्याला पाच वर्षांची अट नाही. त्याला 2 लाखांची मर्यादाही नाही, भाड्यातून पूर्ण व्याज वजा होतं. नुकसान दिसलं तर जुन्या प्रणालीत त्यातले 2 लाख पगारातून वळते करता येतात आणि उरलेलं आठ वर्षं पुढे ओढता येतं. नव्या प्रणालीत पगारातून वजा करायची सोय गेली, तरी भाड्यापुरती व्याजाची वजावट शाबूत आहे. आणि नव्या प्रणालीत स्वतःच्या घरात राहणाऱ्याला किती? शून्य. वेळेत ताबा मिळाला तरी शून्य, नाही मिळाला तरी शून्य. इथे निदान भेदभाव नाही. बिल्डरचे न विकलेले फ्लॅट पडून असतील, तर पूर्णत्वाचा दाखला मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षं त्यांचं मानीव भाडंसुद्धा धरत नाहीत. न विकलेल्या फ्लॅटला सवलत, भाड्याच्या फ्लॅटला सवलत. जो कुटुंब घेऊन राहायला येणार, त्याच्याच बाबतीत कायद्याला घड्याळ आठवतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. 2016 च्या अर्थसंकल्पात ती पाच झाली. म्हणजे प्रकल्प रखडतात हे माहीत होतं, ते कुणामुळे रखडतात हेही माहीत होतं. त्यावर काढलेला उपाय काय, तर ग्राहकाची शिक्षा दोन वर्षं पुढे ढकलली. रेरा कायद्याने उशिराबद्दल ग्राहकाला व्याज मिळण्याचा हक्क दिलाय. म्हणजे देशाचा एक कायदा म्हणतो उशीर बिल्डरचा, आणि दुसरा त्याच उशिराची वसुली ग्राहकाच्या पगारातून करतो. ही अट काढून टाकायला समिती लागत नाही. एक ओळ खोडायची आहे.

ती खोडली जाईपर्यंत घर बुक करणाऱ्यांनी एवढं करावं: बँकेकडून कर्जाची पहिली रक्कम 31 मार्चला उचलू नये, 1 एप्रिलला उचलावी. मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात, त्यामुळे एका दिवसाच्या फरकाने पाचाची जवळजवळ सहा वर्षं होतात. बिल्डरला तेवढीही पुरतील असं नाही.