वाशिमात रॉक शो भरवताना

सर्वप्रथम तारीख. मृगापासून दिवाळीपर्यंतचे दिवस सोडून द्या. सोयाबीन शेतात उभं असताना गिटार ऐकायला कोणाला सवड नसते आणि सोंगणी झाली की मळणीयंत्रापुढे तुमचा ड्रमर फिका पडतो. रामनवमीला सगळी गर्दी पोहरादेवीला. लग्नसराईत मंडपवाला फोन उचलत नाही. उरला जानेवारी, त्यात गावोगाव सप्ताह. तरी एखादी संध्याकाळ सापडतेच, ती धरा.

मग बँड. स्वतःची गाणी लिहून स्वतःच्याच खर्चाने रेकॉर्ड करणारा, म्हणजे स्वतंत्र. ही मंडळी मुंबईहून समृद्धी महामार्गाने येतील, त्यांना शेलूबाजारला उतरायला सांगा. श्रोत्यांना मात्र हा रस्ता सुचवू नका. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे आणि आपला श्रोता ट्रिपल सीट येतो.

मानधनाची बोलणी देणगीदारांसमोर करू नयेत. "चारच पोट्टे? अन् एवढे पैसे? संदलात पंधरा जण येतात, वरून गाडी त्यांचीच!" याला उत्तर नाही. ज्यानं वरातीत संदल आणि नागपूरकडची धुमाल ऐकली आहे, त्याला डबल बेस ड्रमचं कौतुक सांगून उपयोग नसतो. 'पोट्टे इंजिनीअर आहेत,' एवढंच सांगा. भाव लगेच वाढतो.

परवानगीच्या अर्जात 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहा. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हुकूम. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तेव्हा टेप घेऊन मैदान मोजाच. हसण्यावारी नेऊ नका: १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' ज्या रंगभवनात गाजला, ते मुंबईचं रंगभवनसुद्धा शेजारच्या कॉलेज-हॉस्पिटलपायी गप्प झालं. वाशिमात तर एक शाळा चुकवावी तर दुसरी आडवी येते.

आता साउंडवाला. हा माणूस कीर्तनात मुरलेला असतो. गिटारची वायर हातात येताच तो विचारतो, "भाऊ, इको किती टाकू?" बँडवाले म्हणतात, अजिबात नको. तो मान डोलावतो आणि बटण अर्ध्यावर आणून ठेवतो, कारण इकोशिवाय माईक म्हणजे त्याच्या दृष्टीने बिघडलेला माईक. गायकाने पहिली ओळ म्हटली की तीच ओळ मंडपाच्या चारही कोपऱ्यांतून दोनदा परत येते आणि पुढच्या रांगेतले आजोबा खूश होतात. आजोबांना खूश राहू द्यावं, वर्गणी त्यांनी दिली आहे. जनरेटर मात्र स्वतः बघा, डिझेल आहे की नाही ते झाकण उघडून.

वेळ सातची छापा. पाहुणे साडेआठला येतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, 'दोन शब्द' धरता साडेनऊ वाजतात. म्हणजे बँडला अर्धा तास. चौघांचाही सत्कार करायचा आहे हे त्यांना आधी सांगू नका, फेटा बांधून ड्रम वाजवायला ते सहसा तयार नसतात. आणि सगळ्यात चांगलं गाणं पहिलंच घ्यायला लावा.

दहाला दोन कमी असताना स्टेजवर चिठ्ठी येईल: 'झिंगाट' होऊ द्या. बँड स्वतंत्र आहे, तो नाही म्हणेल. जरूर म्हणावं. फक्त पाहुण्यांची गाडी निघाली का ते आधी पाहून घ्या, चिठ्ठी बहुधा त्यांचीच असते.