अंगठाबहाद्दर

२०२४ च्या जानेवारीत नौदलाची 'गुलदार' ही ८३ मीटर लांबीची नौका निवृत्त झाली आणि त्याच वर्षी मीही. तिला सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ बुडवायची योजना निघाली. बुडालेल्या लोखंडावर शेवाळ, कालवं, प्रवाळ धरतात, मागोमाग मासे बिऱ्हाड थाटतात. मला पाण्यात ढकलण्यामागे एवढा उदात्त हेतू नव्हता. जावयानं गोव्याची तिकिटं काढली होती, एवढंच.

बोरी अरबचा असून अडाण नदीत मी कधी गुडघ्यापलीकडे गेलेलो नाही. (गावाच्या नावातल्या अरबाचा नि समुद्राचा काही संबंध नसावा.) पण ग्रँड आयलंडजवळ बुडालेलं जहाज आहे, 'सुझीज रेक' म्हणतात, आणि पोहता येत नसलं तरी ते बघता येतं, हे ऐकताच हिनं माझं नाव देऊन टाकलं.

होडीत सूचना सुरू झाल्या. श्वास रोखायचा नाही. कान दुखले की नाक चिमटीत धरून फुंकायचं. पुढे खुणांचा तास होता. पण मिशीमुळे मुखवटा नीट बसत नव्हता आणि मी तिच्याशी झुंजत होतो. मागच्या बाकावरच्यांना जन्मभर "लक्ष कुठंय?" विचारलेला माणूस मी!

खाली गेलो. शिकवणाऱ्या पोरानं बोटांचं वर्तुळ करून काहीतरी विचारलं. मी झकास अंगठा दाखवला. त्यानं मला उचलून थेट वर आणलं.

"काय झालं काका?"

"कुठं काय? मस्त!"

पुन्हा खाली. हिरवट गढूळ पाण्यात जहाजाची गंजकी फासळी दिसली. तिच्या खबदाडातून एक जाडजूड गोबरा मासा मुख्याध्यापकासारखा तोंड वासून बघत होता. मी हरखून अंगठा दाखवला. पुन्हा वर.

तिसऱ्या खेपेला पोरानं हात जोडले. "काका, अंगठा म्हणजे 'वर न्या'. ठीक असेल तर वर्तुळ करा." तोवर माझी पाळी संपली होती.

गावात रात्रीच्या वर्गात मी कित्येकांचा अंगठा सोडवून त्यांना सही शिकवली. त्यातल्याच एक आजी परवा पारावर फोटो बघत होत्या.

"गुरुजी, यात जहाज कुठी हाय?"

जहाज नव्हतं. गोबराही नव्हता. बुडबुड्यांच्या मधोमध फक्त अंगठा होता, ठसठशीत.