राजगडाखालचे कोंबडीवाले साहेब

चेलाडीला हायवे सोडून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघालं की मार्गासनीच्या आसपास हे साहेब भेटतातच. दर दोन-तीन प्लॉटांआड एक. हयात पुण्यातल्या कचेरीत गेलेली, निवृत्तीच्या पैशातून पाच गुंठे घेतलेले, आंब्याची कलमं लावून झालेली. उरल्या होत्या कोंबड्या.

पिल्लांआधी फाइल येते. तीत गिरीराज आणि वनराज यांचा तुलनात्मक तक्ता. कडकनाथला स्वतंत्र पान, २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनासह. आपली गावरान 'इतर' या सदरात. मग एक दिवसाची पिल्लं येतात, तीही ऐन पावसात, नेमकी वीज जाते त्या दिवशी. ऊब देणारा बल्ब विझतो आणि साहेब थर्मामीटर घेऊन येरझाऱ्या घालतात. शेजारच्या मावशी म्हणतात, "माजी खुडूक बसलीया. अंधार पडला की हळूच तिच्या पोटाखाली सरकवू."

"तिचं तापमान किती असतं?"

मावशी उत्तर देत नाहीत. पाटी उचलून चालू लागतात. सकाळी खुडूक पिल्लांना घेऊन उकिरडा उकरत असते आणि साहेब फाइलीत लिहितात : 'पर्यायी व्यवस्था समाधानकारक.'

लसीच्या बाबतीत मात्र साहेबांना मानलं पाहिजे. पहिल्या आठवड्यातच लासोटाचा थेंब डोळ्यात, लस बर्फात ठेवून आणलेली, पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईत. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आली की आळीतली खुराडी रातोरात ओस पडतात. साहेबांचं आरवत राहतं. तेव्हा मावशीच विचारायला येतात, "सायेब, थेंब उरलाय का?"

पण खुराडं! समोर राजगड दिसतो, तेव्हा साध्या खुराड्यावर कसं भागेल? बसायच्या दांड्यांना पद्मावती माची म्हणायचं, अंड्यांच्या खोक्यांना बालेकिल्ला. पाली दरवाजा दाणा टाकायला. तटबंदीला षटकोनी कोंबडीजाळी. या जाळीची गंमत अशी, की तिच्यामुळे कोंबडी आत राहते, पण मुंगूस बाहेर राहत नाही. साहेबांनी न बांधलेला चोर दरवाजा त्याला पहिल्याच आठवड्यात सापडतो. रानमांजर तर आत शिरण्याचेही कष्ट घेत नाही, बाहेरूनच पंजा घालून मुंडी ओढतं. दिवसा घार असतेच.

साहेब पिंजऱ्याची चौकशी करतात आणि कायदा उघडतात. मुंगसाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे हे वाचून त्यांचा संताप होतो. "म्हणजे घुसखोराला संरक्षण, आणि अधिकृत रहिवाशांना काहीच नाही?"

शेवटी अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश येते, फूटभर जमिनीत गाडली जाते, वरूनही जाळी पडते. किल्ला अभेद्य होतो. त्यानंतर साहेब नातवाच्या वाढदिवसाला पुण्याला जातात. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून आत शिरतात. कडी मात्र माणसालाच घालावी लागते, आणि हे काम फाइलीत कोणाच्याच नावावर नसतं. दुसऱ्या दिवशी पद्मावती माचीवर नुसती पिसं.

आता कडी मावशी घालतात. मोबदल्यात रोज दोन अंडी, सही करून.

त्या बाजूला गेलात तर साहेब तुम्हाला थांबवतील, खुराडं दाखवतील, तासाभराने हातात चार अंडी ठेवतील. पैसे विचारू नका. ते ऐकून घेतल्याचं मानधन असतं.