मुक्काम पोस्ट : हवेत

श्री. रा. रा. सकाळचे आरजेसाहेब यांस,
मु. पो. हवेत, ता. जि. नगर (म्हणे).

कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे फार दिवस राहून गेले होते. नगरच्या सावेडीत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की उदबत्तीच्याही आधी रेडिओ लागतो आणि आपला मंगल स्वर कानी पडतो, ‘गुड मॉर्निंग नगर! मी इथंच आहे, तुमच्या अगदी शेजारी!’ माझ्या शेजारी पंक्चरवाला आहे. गेली काही वर्षं मी त्याच्याकडे संशयानं बघतोय.

आपण कुठल्याशा मोठ्या शहरातल्या गारेगार स्टुडिओत बसता आणि एकाच दमात पाच-सहा गावांचे शेजारी होता, असं परवा एका जाणत्या गिऱ्हाइकानं सांगितलं. मी त्याच्याशी भांडलो. पूर्वीचे बहुरूपी सोंग घेऊन दारोदार उन्हातान्हात हिंडायचे, तेव्हा कुठं पसाभर ज्वारी मिळायची. आपण खुर्चीवरून न उठता ही कला टिकवून ठेवलीत, हे काय थोडं झालं?

एकदाच जरा गडबड झाली. आपण ‘गुड मॉर्निंग सोलापूर’ म्हणालात. पण माझ्यासारख्या माणसाला ना तिकीट ना रिझर्व्हेशन, दुकानात बसल्या जागी सोलापुरात नेऊन पुन्हा नगरला आणून सोडणारे आपणच. शेंगाचटणी तेवढी आणायची राहिली.

आपल्या भूगोलाचेही उपकार आहेत. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे, भंडारदरा त्यातच येतं. पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या झाडांवर काजवे चमकतात आणि बघायला लांबून माणसं येतात. आपण श्रोत्यांना प्रेमानं आवाहन केलंत, ‘या वीकेंडला काजवे बघायला चलो अकोला!’ एका काना-मात्रेच्या फरकानं आपण अख्खा तालुका उचलून विदर्भात ठेवलात. काजव्यांनाही तेवढाच हवापालट.

पावसाच्या बाबतीत तर आपल्यासारखा उदार मनाचा माणूस मी पाहिला नाही. नगर हा राज्यातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा. तालुके चौदा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला आभाळ फाटल्यागत कोसळतं आणि जामखेड, कर्जत, पारनेरकडची माणसं ढगांकडे बघून मान मोडून घेतात. हा भेदभाव आपल्याला मुळीच मान्य नाही. आपल्या खिडकीबाहेर पडला की तो सगळीकडं पडला. 2019च्या जूनमध्ये आमच्याकडची जनावरं अजून चारा छावणीत उभी होती, तेव्हा आपण म्हणालात, ‘बाहेर मस्त रिमझिम, हातात गरमागरम भजी!’ आणि लागोपाठ तीन पाऊसगाणी लावलीत. छावणीवर जाणारा एक शेतकरी तेव्हा माझ्याकडं सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होता. तो रेडिओकडं बघून फक्त हसला. दुष्काळात माणसाला हसवणं सोपं नसतं, साहेब.

2024 साली आमच्या नगरचं अहिल्यानगर झालं. सरकारी पाट्या सवडीनं बदलल्या. आमच्या जिभा अजून अडखळतात, आणि खरं सांगायचं तर त्या आधीही ‘नगर’च्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. आपल्या जिंगलमध्ये मात्र नवं नाव झटक्यात आलं, तेही स्वच्छ, खणखणीत. नाव अचूक आणि गाव चूक, हे जमायला मोठी साधना लागते.

आता थोडं कायद्याचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून बिचारे आरजेसाहेब आमच्या गावाबद्दल गप्प राहतात, अशी माझी भाबडी समजूत होती. मग कळलं की 2011च्या एफएम धोरणात वाहतूक, हवामान, पाणी-विजेचा पुरवठा, परीक्षांचे निकाल, गावातले सण-समारंभ हे बातम्यांत धरलेलंच नाही. ते खुशाल सांगा, असं सरकार म्हणतं. इतकी वर्षं ही मुभा आपण वापरली नाहीत. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही आणि कधी येणार हे शोधायला घरटी एक माणूस नेमावा लागतो. पण आपला संयम ढळला नाही.

त्याच धोरणात आणखी एक मुभा होती. एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर जोडून लावायची परवानगी आधी एका विभागातल्या लहान शहरांपुरती होती, ती कंपनीच्या देशभरातल्या सगळ्या केंद्रांना मिळाली. ही मुभा मात्र लगेच उचलली गेली. दोन ताटं पुढं आली की हलकं कोणतं ते ओळखणारा माणूस खरा जाणकार.

गाण्यांबद्दल काय लिहू? अमेरिकेत 1950च्या दशकात टॉड स्टोर्झ नावाच्या केंद्रमालकानं म्हणे हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर माणसं पदरचे पैसे टाकून तेच तेच गाणं ऐकताना पाहिली आणि मोजकीच चालती गाणी फिरवत ठेवायची रीत रेडिओवर रुजवली. त्यातून पुढं ‘टॉप फोर्टी’ रूढ झालं. आपण त्या रीतीत मोलाची काटकसर केलीत. अलिबाबाच्या गोष्टीला चाळीस चोर लागले, आपलं चौदा गाण्यांत भागतं. कोणतं गाणं लागलंय त्यावरून मी आता वेळ सांगतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचा खर्च वाचला.

आपल्या आधी इथं एक पोरगा आरजे होता. आपली थोरवी नीट कळावी म्हणून त्याचे दोष सांगतो.

पहिला दोष, तो नगरी बोलायचा. ‘कस्काय नगरकर, झाला का चहा?’ अशी सुरुवात. भाषेला इस्त्री नाही. कोठला भागात ट्रक आडवा झाला की गाणं अर्ध्यात थांबवून सांगायचा, ‘डीएसपी चौकातून फिरा, तिकडं जाऊ नका, लई बेक्कार जाम आहे.’ कलेशी इतकी बेइमानी आपल्या हातून कधी झाली नाही.

दुसरा दोष, त्याला सर्दी व्हायची. माळीवाड्याच्या विशाल गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत ओरडून दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसलेला असायचा आणि मग अख्खं गाव त्याला हळद-दुधाचे उपाय कळवायचं. आपला आवाज बारा महिने तेरा काळ एकसारखा. कधी खोकला नाही, की जांभई नाही. रेकॉर्ड केलेल्या माणसाची तब्येत उत्तम राहते.

तिसरा दोष, तो घरचं सगळीकडं घुसडायचा. ‘सडक’ चित्रपटातल्या महाराणीचा विषय निघाला की आधी सांगणार, ती रंगवणारे अमरापूरकर आपल्या नगरचे बरं का! आपण परवा त्याच चित्रपटाबद्दल पाच मिनिटं किस्से सांगितलेत, पण सदाशिव अमरापूरकरांचं गाव उच्चारण्याचा मोह टाळलात. निःपक्षपातीपणा शिकावा तो आपल्याकडून.

चौथा दोष सगळ्यात वाईट. त्याला आमच्याबद्दल माहिती असायची. ते भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी गल्लीभर काळोख, दुकानातलं मशीन बंद, आणि इअरफोनची वायर खिळ्याला टांगून मी मोबाइलवर रेडिओ लावलेला. ती वायर म्हणजेच अँटेना. त्यात तो एकदम म्हणाला, ‘सावेडीचे झेरॉक्सवाले काका, उद्या बारावीच्या पोरांची हॉलतिकिटं येणारेत, टोनर भरून ठेवा.’ अंधारात चारचौघांदेखत आपलं गुपित फुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी टोनर पुरला, हा भाग वेगळा.

शिवाय तो सापडायचा. स्टुडिओखालच्या टपरीवर कटिंग पिताना कोणीही त्याला गाठून विचारायचं, ‘काल चुकीचं का सांगितलंस रे?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो निर्लज्ज माणूस हवेतून माफी मागायचा. एके दिवशी त्याची जागा नेटवर्कनं घेतली. निरोपाचं भाषण नाही, काही नाही. सोमवारी आपण आमच्या शेजारी होतात.

तसा रेडिओ नगरला नवा नाही. ब्रिटिश फौजेतल्या एका सैनिकाच्या घरी 16 एप्रिल 1918 रोजी याच गावात स्पाइक मिलिगन जन्मले. पुढं 1951 पासून बीबीसीवर त्यांच्या ‘द गून शो’नं विलायतेला खो-खो हसवलं. आमच्या गावानं जगाच्या रेडिओला एक अस्सल विदूषक दिला होता. परतफेडीत आपण आलात. हिशेब चुकता झाला म्हणायचं.

आता आपण वकिली कराल की अमीन सायानी तरी कुठं नगरला राहत होते? मुद्दा बिनतोड आहे. 1952 साली आपल्याच मराठी मुलखातले नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीनं फिल्मी गाण्यांना दार लावलं आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडं वळला. सायानी मुंबईत बोलायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून समुद्र ओलांडून ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री आमच्या वाड्यात यायची. आपल्यापेक्षा लांबून.

पण त्या माणसानं एकदाही म्हटलं नाही की मी माळीवाड्यात उभा आहे. लांब आहे हे लपवलं नाही आणि हजारोंनी आलेल्या पत्रांतून गावोगावची नावं वाचत राहिले. माझ्या वडिलांनी एकदा त्यांना कार्ड टाकलं होतं. ते वाचलं गेलं नाही. तरी वडील पुढचे कित्येक बुधवार कान देऊन बसायचे, कारण पलीकडं कोणीतरी टपाल उघडतंय याची त्यांना खात्री होती. सिलोन लांब आहे म्हणून घरात कोणी कधी कुरकुर केली नाही.

हेच सगळं मी आपल्याला बंद पाकिटात लिहिलं होतं. द्यायला केंद्रावर गेलो. जिना चढून वर पोचलो तर काचेपलीकडं लाल दिवा लागलेला आणि खुर्ची रिकामी. वॉचमन म्हणाला, ‘आत कोणी नाही काका, कॉम्प्युटर बोलतोय.’ पत्र कोणाला द्यायचं विचारलं, तर त्यानं टोल फ्री नंबर दिला. तो लावला. तिथं आपल्याच आवाजात उत्तर आलं की माझा कॉल आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. भरून आलं.

तेव्हा पाकीट फोडून पत्र असं उघड्यावर ठेवतोय. शेजारीच आहात, येता-जाता नजर पडेलच. कधी साखर-बिखर लागली तर संकोच करू नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र श्रोता,
एक झेरॉक्सवाला काका, सावेडी.

ता. क. : उद्या पाणी येणार नाही, परवा पहाटे येईल. पंक्चरवाल्यानं सांगितलं. चौकशी केली, तो खरंच शेजारी राहतो.